तीन रेघांची चिठ्ठी

ऑक्टोबर उजाडला की कॅनडात माझ्यामागे कामांचं शुक्लकाष्ठ लागतं. गाडीला विंटर टायर घालायची अपॉइंटमेंट घ्यायची, अंगणातला नळ आतून बंद करायचा, आणि मागच्या मेपलची पानं गोळा करून त्या उंच, खाकी कागदी पिशव्यांत भरायची. हे शेवटचं काम मी कोणाला करू देत नाही. माझा नवरा नितीन दरवर्षी म्हणतो, "अगं, सगळी पडू देत, मग एकदाच भरू." त्याचं बरोबर आहे. पण मी रोज ऑफिसातून आले की दाताळ्यासारखा रेक घेऊन बाहेर जाते आणि तेवढीच पानं पुन्हा पुन्हा ओढत बसते. ओल्या पानांचा तो कडवट, चहाच्या चोथ्यासारखा वास नाकात भरला की मला हुंदका येतो. पानं ओढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे इथे कोणी बघत नाही, ही एक सोय आहे.

लोक पानांची ही लाली बघायला गाड्या काढून लांब लांब जातात. मीही जायची. पहिल्या वर्षी तर मी पुण्याला पाकिटातून पानं पाठवली होती. ताईने उलट कळवलं, "पोचली. चुरा झालाय. रंग कसा होता ते लिहून पाठव."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वसुधा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये ती गेली. तिच्यासोबतची एकच पानगळ माझ्या वाट्याला आली, दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरातली. तीही कॅनडातली नाही, जपानमधली. क्योटोजवळच्या एका डोंगरउतारावर शेकडो वर्षांचं जुनं शिंतो देऊळ आहे, त्याच्या पायऱ्यांवरची.

ताई पुण्यात जपानीची अनुवादक होती. असं सांगितलं की लोकांना वाटतं, कविता वगैरे असणार. कसली कविता! चाकणजवळच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तिने पंपांच्या माहितीपुस्तिका मराठी आणि इंग्रजीत आणल्या. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत आई वाती वळत बसलेली असायची आणि शेजारी मांडीवर जाडजूड शब्दकोश घेऊन ताई पुटपुटत असायची, "झडप उघडण्यापूर्वी दाब शून्यावर आल्याची खात्री करा." आई म्हणायची, "हे तुझं स्तोत्र कधी संपायचं गं?" आणि ताई मान वर न करता म्हणायची, "दाब शून्यावर आला की."

तिचा एक नियम होता. भाषांतर करताना पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि हातचा एक शब्द राखायचा नाही. एकदा जपानहून आलेल्या पाहुण्यांनी कारखान्यातलं काम बघून तोंडावर सांगितलं, हे वाईट आहे. मॅनेजर ताईच्या कानाशी लागला, "मॅडम, साहेबांना जरा सौम्य करून सांगा ना." ताई म्हणाली, "तुम्ही काम चांगलं करा, मी चांगलं सांगेन." आणि तिने मोठ्या साहेबांना 'वाईट'च सांगितलं. हा किस्सा ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची आणि दर वेळी तितकीच खूश व्हायची.

आणि ही बाई जपानला कधी गेली नव्हती. कारखान्याने तिला दोनदा विचारलं होतं. एकदा सहा महिन्यांसाठी, एकदा चांगलं वर्षभरासाठी. दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं, कारण आईला कोणाकडे ठेवणार? वडील लवकर गेले होते, ताईने लग्न केलं नव्हतं, आणि मी दोन हजार एक साली नितीनचा हात धरून इथे आले होते. मी आले म्हणून ती राहिली. हे वाक्य आमच्या घरात कोणीही, कधीही उच्चारलं नाही. ताईने तर नाहीच. मी मात्र ते इतक्या वेळा मनात म्हटलंय की मला पाढ्यासारखं पाठ आहे.

आई दोन हजार पंधरात गेली. वर्ष सरलं तेव्हा मी फोनवर म्हटलं, "ताई, आता तू नीघ. आपण दोघी जपानला जाऊ."

"आता कशाला? रिटायर झाले मी. कोणाचे पंप बघायचे तिथे?"

"पंप नाही गं. पानं बघू. तुला रंग बघायचा होता ना?"

तिकडून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "थंडी किती असते? स्वेटर किती घेऊ?" म्हणजे ती तयार झाली होती.

ओसाकाच्या विमानतळावर ती मला दिसली ती अजून तशीच डोळ्यांसमोर आहे. हिरवी सुती साडी, वर मी पूर्वी पाठवलेलं, तिला दोन मापं मोठं होणारं विंटर जॅकेट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. ती एका पाटीखाली उभी राहून पाटी वाचत होती. मी मिठी मारायला गेले तर म्हणाली, "थांब गं. 'सामान सोडून जाऊ नये.' बघ, मला सगळं वाचता येतंय." आणि तिचे डोळे भरून आले. साठीच्या माझ्या बहिणीला सामानाच्या पाटीवर रडू आलं होतं. मी नंतर तिला यावरून खूप चिडवलं.

देवळाकडे जाणारी वाट एका लाकडी कमानीखालून सुरू होत होती. पुढे दगडी पायऱ्या. दोन्ही अंगांना उंच, सरळ झाडं, त्यांच्या बुंध्यांशी शेवाळ, मधूनमधून दगडी दिवे. वारा आला की वरून लहान लहान लाल पानं गिरक्या घेत यायची, अगदी बाळाच्या तळहाताएवढी. ताईने एक उचलून माझ्या हातावर ठेवलं. "तुमच्या मेपलचं बाळ आहे हे," ती म्हणाली. रात्रीचा पाऊस पडून गेलेला. पायरीशी एक पाटी होती. ती ताईने उत्साहाने मोठ्याने वाचली, "पाय घसरण्याची शक्यता. कृपया लक्ष द्या." यंत्रावर नसलेली सूचना आयुष्यात पहिल्यांदा वाचतेय, असं तिचं म्हणणं.

ती माझ्यापुढे चढत होती. मध्येच थांबायची, कमरेवर हात ठेवायची. मी म्हटलं, "दम लागला का?" ती म्हणाली, "छे. पायऱ्या मोजतेय, मध्ये बोलू नकोस." तेव्हाच तिच्यात काही सुरू झालं होतं का? डॉक्टर पुढे म्हणाले, इतकं आधी काही कळत नाही. मी त्या पायऱ्या मनात पुन्हा पुन्हा चढते आणि तिच्या पाठीकडे बघत राहते. मोठ्या जॅकेटात तिची पाठ कशी होती ते मला दिसतच नाही.

वर पोचल्यावर आम्ही देवाधर्मात करता येण्यासारख्या सगळ्या चुका केल्या. दारात दगडी कुंड होतं, त्यात बांबूच्या नळीतून पाणी पडत होतं आणि लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या होत्या. ते पाणी हात आणि तोंड धुण्यासाठी. ताईने उजव्या हाताची ओंजळ केली, तीर्थ घेतात तसं ते पाणी प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग मीही तेच केलं, ताईच्या मागे मी लहानपणापासून हेच करत आले आहे. दोरी हलवून घंटा वाजवायची, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हे ताईला माहीत होतं. ते आम्ही नीट केलं. पण मग तिला प्रदक्षिणा घालायची होती आणि देवळाच्या मागे तर डोंगर. तिने इकडे तिकडे पाहिलं, हात जोडले आणि जागच्या जागी स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. बाजूला एक जपानी आजी उभ्या होत्या. त्यांनी अगदी गंभीरपणे ताईला वाकून नमस्कार केला. ताईनेही केला. मग परत त्यांनी. हे जरा लांबलंच.

त्यावर कडी म्हणजे खडीसाखर. ताईने पुण्याहून पुडी आणली होती. रिकाम्या हाताने देवाला जायचं नाही, हा आईचा नियम. पांढऱ्या झग्यातली, लाल घागऱ्यासारखं काहीतरी नेसलेली एक मुलगी खिडकीत बसली होती, तिच्यापुढे ताईने ती पुडी ठेवली. मुलगी बावरली. ताई जपानीत काहीतरी म्हणाली, ते ऐकून मुलीने तोंडावर हात ठेवला आणि पुडी दोन्ही हातांनी घेतली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

ताई लाजली. "मला देवळातली भाषा कुठे येते? मी म्हटलं, 'हा खाद्यपदार्थ आहे. यात धोका नाही.'"

आम्ही दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसलो. किती वर्षांनी असं हसत होतो, देव जाणे. शेजारी एक गिंकोचं झाड होतं, पिवळंजर्द, त्याच्या पानांचा खाली थर पडला होता. हसू थांबल्यावर ताई एकाएकी म्हणाली, "मंजू, आपण दोघी आलो ना? झालं तर मग." तिने इतकंच म्हटलं. त्या वाक्याने तिने मला पंधरा वर्षांची माफी दिली असं मला वाटलं. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

चिठ्ठ्या काढायची हौस माझी. तिथे एक लाकडी डबा असतो, तो उलटा करून हलवला की छोट्या भोकातून एक काडी बाहेर येते. काडीवर आकडा असतो, त्या आकड्याची चिठ्ठी खिडकीतून मिळते. चिठ्ठीत तुमचं भविष्य. चांगलं निघालं तर घरी न्यायचं. वाईट निघालं तर तिथल्याच तारेला नाहीतर झाडाला बांधून यायचं, म्हणजे ते संकट तिथेच राहतं. तारांवर अशा शेकडो चिठ्ठ्या गाठी मारून लटकत होत्या, पावसाने भिजून पिठाळ झालेल्या.

माझ्या काडीवर तीन आडव्या रेघा होत्या, म्हणजे जपानी तीन, अगदी शंकराच्या कपाळावरच्या भस्मासारख्या. मी म्हटलं, "बघ, महादेव प्रसन्न." ताईच्या काडीवर अधिकाचं चिन्ह, म्हणजे जपानी दहा. "माझी नेहमीची बेरीज," ती म्हणाली. काड्या घेऊन ती खिडकीकडे गेली. चिठ्ठ्या घेतल्या आणि गिंकोखाली पाठमोरी उभी राहून वाचू लागली. जरा जास्तच वेळ वाचत होती. मला वाटलं, जुनी भाषा असेल, पंपांच्या पुस्तकात नसलेली.

परत आली ती हसत. एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "तुझी उत्तम निघाली." मग बोट फिरवत वाचून दाखवलं, तिच्या त्या पुस्तिकेच्या सुरात, "इच्छा: सावकाश पूर्ण होईल. हरवलेली वस्तू: सापडेल, खालच्या जागी शोधावी. प्रवास: घाई नको, सर्व ठीक होईल. ज्याची वाट पाहता ते माणूस: येईल."

"आणि तुझी?"

"माझी यथातथाच आहे."

"म्हणजे वाईट? बांध मग ती, ताई. ही काय तार."

तिने तारेकडे पाहिलं, हातातल्या कागदाची बारीक घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवली. "देवाने दिलेलं देवळातच टाकून यायचं? गोड असो, कडू असो. आई काय म्हणाली असती?"

"अगं, त्यांची पद्धत आहे ती."

"त्यांची पद्धत त्यांच्यापाशी," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

मला पाय दुखत होते, भूक लागली होती. मी वाद घातला नाही.

इथे परतल्यावर मी माझी चिठ्ठी लाल दोऱ्याने बांधून देवघरात गणपतीच्या मागे ठेवली. घडी कधी उलगडली नाही, मला वाचता थोडीच येणार होती? पण तिच्यातली वाक्यं आमच्या फोनवरच्या बोलण्यात शिरली. माझी कानातली रिंग हरवली की ताई म्हणायची, "खालच्या जागी शोध." आणि खरंच सोफ्याखाली सापडायची.

दोन हजार अठराच्या जानेवारीत तिला कावीळ झाली. काविळीचं निमित्त झालं आणि आत दुसरंच काही निघालं. शेजारच्या शैलाताई तिच्याजवळ जाऊन येऊन असायच्या, दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. मी रोज फोन करायची. माझ्या ऑफिसात तेव्हा ले-ऑफ चालू होते, दर सोमवारी एखादं टेबल रिकामं दिसायचं. आमची लेक इरा बारावीला, तिचे युनिव्हर्सिटीचे अर्ज. फेब्रुवारीत मी विचारलं, "ताई, मी येऊ का?"

"कशाला? तुझी चिठ्ठी काय सांगते? प्रवासाला घाई नको."

"मस्करी नको गं. खरं सांग."

"खरंच सांगतेय. इराचं होऊ दे. मे महिन्यात ये, आंबे असतील."

मला ते सोयीचं होतं. इथवर सगळं लिहीत आले, पण हे वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेलं. मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

मार्चमध्ये शैलाताईंचा फोन आला, "मंजिरी, लगेच नीघ." मी त्याच दिवशी तिकीट काढलं. आमच्या ओटावात फ्रीझिंग रेन सुरू झाला, पडताच गोठणारा पाऊस. झाडांच्या फांद्यांवर, गाड्यांवर, रस्त्यावर, सगळीकडे काचेचा थर. विमानं रद्द झाली. एक अख्खा दिवस मी विमानतळावरच्या खुर्चीत बॅग पायांत धरून बसले होते आणि मोबाइल वाजला की दचकत होते.

पुण्यात पोचले ती सकाळची वेळ होती. दार उघडंच होतं. फरशी पुसलेली, ओली. मधल्या खोलीत कॉट भिंतीला उभी करून ठेवलेली आणि तिच्या जागी जमिनीवर एक दिवा. मी दारातूनच दिवा पाहिला आणि चप्पल काढायचंही विसरले. शैलाताई म्हणाल्या, "काल दुपारी. तुझी वाट बघत होती गं. दाराकडे तोंड करून झोपवा म्हणायची." आणखी काही म्हणाल्या असतील, मला आठवत नाही. ओल्या फरशीवर माझ्या चपलांचे ठसे उमटलेले मात्र आठवतात.

दिवस झाल्यावर मी घर आवरलं. भांडी, पुस्तकं वाटून टाकली. ताईचा तो जाड शब्दकोश तेवढा तिच्या हिरव्या साडीत गुंडाळून इकडे आणला आणि बेसमेंटमध्ये एका खोक्यात ठेवून दिला. उघडायची छाती झाली नाही. आणि मनाने मी एकाच गोष्टीशी खेळत बसले, त्या वाईट चिठ्ठीशी. मी सॉफ्टवेअर तपासते, कागदाने माणूस मरत नाही हे मला कळतं. तरीही वाटायचं, त्या दिवशी हट्ट धरून ती तारेला बांधायला लावली असती तर? मला भूक लागली होती म्हणून मी वाद घातला नाही. आणि माझी स्वतःची चिठ्ठी? सर्व ठीक होईल म्हणणारी ती चिठ्ठी देवघरात खोटारडी बसली होती. मी दिवा लावताना तिच्याकडे बघणं टाळायची.

या ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला इरा लंडनहून घरी आली. इंग्लंडातलं लंडन नव्हे, आमच्या ओंटारिओतलं, ती तिथे युनिव्हर्सिटीत आहे. विंटर बूट शोधायला बेसमेंटमध्ये गेली आणि वर आली ती हातात शब्दकोश घेऊन.

"ममा, धिस इज मावशीज, राइट? कॅन आय ओपन इट?"

मी कणीक मळत होते. नाही म्हणायच्या आत तिने उघडला. मधल्या पानांतून एक घडी घातलेला कागद टेबलावर पडला.

"मावशीची ती चिठ्ठी असेल," मी म्हटलं. "जपानची. ठेव आत."

"लाइक द वन इन देवघर? कॅन आय सी देम टुगेदर?" ती माझी चिठ्ठीही घेऊन आली, लाल दोरा सोडला, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी उलगडून ठेवले. "दे लुक द सेम. विच वन इज युअर्स?"

मी कणकेचे हात तसेच धरून वाकले. कागदाच्या वरच्या बाजूला मधोमध आकडा होता. देवघरातल्या कागदावर अधिकाचं चिन्ह. ताईच्या शब्दकोशातल्या कागदावर तीन आडव्या रेघा.

मी पुन्हा पाहिलं. कागद अदलाबदल झाले का, कुठला कुठे ठेवलास, असं इराला दोनदा विचारलं. तिने शांतपणे लाल दोऱ्याची मोड पडलेला कागद दाखवला. अधिक. माझ्या देवघरात तीन वर्षं ताईचं भविष्य होतं. माझं तिने पर्समध्ये ठेवून पुण्याला नेलं होतं.

"ममा? ममा, आर यू ओके?"

"कणीक कोरडी होईल," मी म्हटलं, आणि खाली बसले.

केइको आजींना मी लायब्ररीतल्या विणकामाच्या शनिवारांमुळे ओळखते. ऐंशीच्या घरात आहेत, तरुणपणी लग्न होऊन इकडे आल्या. पुढच्या शनिवारी दुपारी मी दोन्ही कागद घेऊन गेले. त्यांनी लोकर बाजूला ठेवली, चष्मा बदलला, आधी अधिकाची चिठ्ठी घेतली. हळूहळू इंग्रजीत वाचत गेल्या. इच्छा सावकाश पूर्ण होईल. हरवलेली वस्तू खालच्या जागी. प्रवासाला घाई नको, सगळं ठीक होईल. वाट पाहताय ते माणूस येईल. ताईने वाचलं होतं त्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता. तिने पदरचा शब्द घातला नव्हता की हातचा राखला नव्हता. फक्त चिठ्ठीचं माणूस बदललं होतं.

मग त्यांनी तीन रेघांची उचलली. लगेच वाचली नाही. "धिस वन इज नॉट सो गुड," त्या म्हणाल्या. "यू वाँट टू हिअर?"

"प्लीज."

"विश: नॉट नाउ. लॉस्ट थिंग: विल नॉट बी फाउंड." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "ट्रॅव्हल: यू विल बी लेट."

लायब्ररीत मुलांचं काहीतरी चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या. केइको आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाल्या, असा कागद बांधून यायचा असतो, का नाही बांधला? मी म्हटलं, "माय सिस्टर सेड, देवाने दिलेलं... व्हॉट गॉड गिव्ह्ज, वुई डोंट लीव्ह इट बिहाइंड." त्यांनी दोन्ही कागदांच्या घड्या नीट घातल्या. मग म्हणाल्या, इथल्या झाडालाही बांधता येईल, कोणतंही झाड चालतं.

म्हणजे गिंकोखाली पाठमोरी उभी असताना तिने वाचलं होतं की मी उशिरा पोहोचेन. कागदाचं खरं-खोटं तीही मानत नसेल. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी पोचवणाऱ्या माझ्या बहिणीला ते एक वाक्य मला पोचवायचं नव्हतं. फेब्रुवारीत फोनवर तिने मला जी चिठ्ठी वाचून दाखवली ती तिची होती. वाट पाहणारी ती होती. दाराकडे तोंड करून झोपवा म्हणणारीही तीच.

काल मी कागदी पिशव्या भरून झाल्यावर ती तीन रेघांची चिठ्ठी घेऊन मेपलपाशी गेले. फांद्या बहुतेक उघड्या झाल्यात. एक हाताला येईल अशी बारीक फांदी वाकवली, कागद तिच्याभोवती गुंडाळला, गाठ मारायला घेतली. नितीन काचेच्या दारातून बघत होता, पण बाहेर आला नाही. गाठ काही मारवेना. चार-दोन आठवड्यांत बर्फ पडेल, कागद भिजेल, पिठाळ होईल. आणि देवाने मला दिलेलं ताईने इतकी वर्षं सांभाळलं, ते मी अंगणात टाकून येऊ?

मी फांदी सोडली. आत येऊन हात धुतले. अधिकाची चिठ्ठी देवघरातून काढली, दोरा न बांधता शब्दकोशात ठेवली, जिची होती तिच्यापाशी. त्या चिठ्ठीत लिहिलंय, ज्याची वाट पाहता ते माणूस येईल. तीन रेघांची गणपतीमागे ठेवली, लाल दोरा बांधून, आणि दिवा लावला.

माझ्या चिठ्ठीत लिहिलंय, उशीर होईल. झाला गं, ताई.